सुरी टाळायची की उशीर?

पावसाळा सरत आला की आमच्या डिचोलीच्या बाजारातल्या कोणत्याही फार्मसीसमोर दहा मिनिटे उभे राहावे, एक दृश्य हमखास दिसते. एखादा माणूस काउंटरवर मोबाइल ठेवतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो, आवाज उतरवून ‘खाज येते, रात्री जास्त’ एवढेच सांगतो, आणि पलीकडचा मुलगा मान डोलावून एक ट्यूब पुढे सरकवतो. फोटो मांडीचा असतो, काखेचा असतो, कधी घरी राहिलेल्या बायकोच्या पाठीचा असतो. निदान आणि उपचार दोन्ही एका नोटेत उरकतात. त्वचेवरच्या डागाचे छायाचित्र पाहून, सुई-सुरी न लावता निदान करण्याची पद्धत गोव्यात आणावी की नाही यावर आता चर्चासत्रे होऊ लागली आहेत; पण ती पद्धत इथे केव्हाच आलेली आहे आणि चांगली रुजलेलीही आहे. फक्त त्या छायाचित्राकडे पाहणारा डोळा शिकलेला नसतो.

आता त्या जागी शिकवलेला डोळा बसवता येईल असे सांगितले जाते. हजारो-लाखो छायाचित्रे दाखवून तयार केलेली संगणकीय प्रणाली डागाचा फोटो घेते आणि तो निरुपद्रवी तीळ असण्याची, कर्करोग असण्याची किंवा आणखी काही असण्याची शक्यता आकड्यांत मांडते. तिच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढणे, टळण्याचा, आणि तो आपल्या लोकांच्या मनाला चटकन भिडतो, कारण ‘तुकडा काढला की रोग उठतो’ ही निराधार समजूत पेडण्यापासून काणकोणपर्यंत अजून घट्ट आहे. माझे म्हणणे असे आहे की हे तंत्र आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जरूर यावे. पण ते सुरी टाळण्यासाठी म्हणून आणले, तर दुसऱ्याच्या दुखण्यावरचे औषध आपण आपल्या अंगाला चोळत बसू. आपले दुखणे उशिराचे आहे.

हा उशीर म्हणजे काय, ते मी घरातच पाहिले. माझ्या मावसभावाचे सत्तरीत कुळागर आहे. पोपळीच्या बागेत काम करताना त्याच्या पोटरीला काहीतरी ओरखडले, ते बरे झाले, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी एक खडबडीत, चामखिळीसारखा चट्टा उठला. त्यावर फार्मसीतून आणलेल्या तीन वेगवेगळ्या ट्यूब झाल्या. मग एका खाजगी दवाखान्यात पाठवलेल्या फोटोवरून ‘इसब आहे’ असे उत्तर आले. नंतर शेजारच्या आजींनी वाटून दिलेला पाला झाला. चट्टा एका कडेने सुकत होता आणि दुसऱ्या कडेने सरकत होता. चौदा महिन्यांनी आरोग्य केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवले. तिथे त्या जागेवर बधिरतेचे इंजेक्शन दिले, चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने पेन्सिलच्या शेंड्याएवढा तुकडा काढला, तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला आणि दोन टाके घातले. या सगळ्याला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. अहवालात त्वचेचा क्षयरोग निघाला. सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या, त्याही फुकट, आणि चट्टा गेला.

या हकिकतीत सुरी कुठे आड आली? ती पंधरा मिनिटे भावाला आता आठवतही नाहीत. त्याआधीचे चौदा महिने आठवतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या चट्ट्याचे निदान छायाचित्रावरून निश्चित होणे जवळपास अशक्य होते, कारण क्षयाची खूण त्वचेच्या पृष्ठभागावर लिहिलेली नसते, ती आतल्या पेशींच्या रचनेत असते. ‘हा चट्टा साधा दिसत नाही, याला लवकर पाठवा’ एवढे मात्र एखादी प्रणाली दुसऱ्या महिन्यातच म्हणू शकली असती. तेवढेच पुरेसे होते.

प्रतिमा-विश्लेषण म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डोळ्यांनी त्वचा वाचण्याची विद्या जुनीच आहे. तिला पाठ करण्याजोगे रूप १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दिले. तिळाचे एक अर्ध दुसऱ्या अर्धासारखे नसणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे आणि व्यास सहा मिलिमीटरहून मोठा असणे, या त्यांनी सांगितलेल्या चार खुणा. पुढे डर्मोस्कोप आले. हे हातात मावणारे भिंग त्वचेला सुमारे दहा पटींनी मोठे करून दाखवते. पण त्याची खरी करामत मोठे करण्यात नसून चकाकी घालवण्यात आहे. त्वचेच्या वरच्या थरावरून परतणारा प्रकाश ध्रुवीकरणाने किंवा तेलाच्या थेंबाने अडवला की नजर खालच्या थरांत उतरते, आणि तिथे रंगही बोलू लागतात. त्वचेतले तेच रंगद्रव्य वर असले की काळे-तपकिरी दिसते आणि खोल असले की निळसर. तान्ह्या बाळाच्या कमरेवरचा निळा डाग त्यामुळेच निळा असतो.

माझ्या स्वतःच्या तळपायावर एक तीळ आहे. तो वाढल्याची शंका आली म्हणून मी तो दाखवायला गेलो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी असे भिंग लावून त्याचे चित्र मला पडद्यावर दाखवले. तळपायाची त्वचा तेवढी मोठी करून पाहिली की अगदी मिरचीच्या वाफ्यासारखी सरी-वरंब्याची दिसते. वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके रांगेने बसलेले असतात. माझ्या तिळाचा रंग सऱ्यांमध्ये साचलेला होता, वरंबे कोरडे होते. रंग सरीत असला तर सहसा भिण्याचे कारण नसते, वरंब्यावर चढला असला तर संशय धरावा लागतो. तळहात-तळपायांच्या तिळांबाबतचा हा नियम जपानी डॉक्टरांनी बारकाईने अभ्यासून मांडला. माझी बायॉप्सी टळली, आणि ती टळली याचा मला आनंदच आहे. पण ती टाळली एका जाणत्या माणसाने, आणि ‘सहा महिन्यांनी परत दाखवा’ असे सांगून स्वतःवर जबाबदारी घेऊन टाळली.

हाच शहाणपणा यंत्राला शिकवण्याच्या प्रयत्नांतला गाजलेला टप्पा २०१७ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने १,२९,४५० छायाचित्रांवर प्रशिक्षित केलेली प्रणाली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली आणि कर्करोग ओळखण्याच्या ठरावीक चाचण्यांत ती २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीची ठरल्याचे दाखवले. त्या दिवसापासून ‘यंत्र डॉक्टरइतके शहाणे झाले’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून फिरते आहे. ते वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. ती चाचणी निवडलेल्या छायाचित्रांवरची होती. त्यात केस पेपर नव्हता, रुग्णाचे वय-व्यवसाय नव्हते, ‘हा कधीपासून आहे’ हा प्रश्न नव्हता आणि दारात उभी असलेली गर्दीही नव्हती.

या तंत्राचा जन्म कुठल्या गरजेतून झाला, हे तर आपण विचारतच नाही. गोऱ्या त्वचेच्या देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, मेलानोमा हा घातक कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथे अंगावर पन्नास-शंभर तीळ असलेली माणसे दरवर्षी तपासणीला येतात, आणि एक मेलानोमा निसटू नये म्हणून कितीतरी निरुपद्रवी तीळ कापले जातात. कापाकापी कमी करणे ही तिथली खरी निकड आहे, आणि ‘शस्त्रक्रियेविना निदान’ हे तिचे सरळ उत्तर आहे. आपल्याकडे मेलानोमा दुर्मीळ आहे. जेव्हा होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. हणजुणेच्या बाजारात ज्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट आजही टांगलेले असतात, तो बॉब मार्ली पायाच्या अंगठ्यावर नखाखाली सुरू झालेल्या अशाच मेलानोमाने १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी गेला. फुटबॉलवेड्या गोव्यात काळेनिळे नख ‘लागले असेल’ म्हणून सोडून देणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुर्मीळ रोग शोधण्यासाठी सर्वांवर चाळणी लावली की काय होते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, एक लाख लोकांच्या तिळांचे फोटो काढले आणि त्यांत खरे मेलानोमा दहा आहेत. प्रणाली उत्तम आहे असे धरू. दहांतले नऊ ती पकडते आणि निरुपद्रवी तिळांपैकी शंभरांतल्या दहांवरच चुकून बोट ठेवते. तरीही संशयित म्हणून पुढे पाठवलेल्यांची संख्या दहा हजारांच्या वर जाईल, आणि त्यांत खरे रुग्ण असतील नऊ, म्हणजे अकराशेंमागे एक. बाकीच्यांच्या वाट्याला बांबोळीची खेप, बुडालेली रोजी आणि काळजीत काढलेल्या रात्री. शिवाय दहावा रुग्ण ‘यंत्राने पास केले’ म्हणून निर्धास्त घरी बसलेला. बायॉप्सी कमी करण्यासाठी आणलेल्या साधनाने इथे बायॉप्सी वाढण्याचीच शक्यता जास्त. साधनात दोष नसतानाही असे होते, कारण आकड्यांचा हा खेळ साधनावर जितका अवलंबून, तितकाच ते कुठे लावले यावर अवलंबून असतो.

साधनातही दोष आहेतच. त्याला शिकवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या संचात १०,०१५ छायाचित्रे आहेत आणि ती व्हिएन्ना व ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून गोळा झालेली आहेत. जे पाहिले तेच यंत्राला ओळखता येते. त्वचेच्या रंगाचे जे सहा प्रकार डॉक्टर मानतात, त्या वर्गवारीची सुरुवातसुद्धा १९७५ च्या सुमारास गोऱ्या त्वचेच्या चार प्रकारांपासून झाली. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी निरनिराळ्या वर्णांच्या रुग्णांची ६५६ छायाचित्रे जमवून तेव्हाच्या नावाजलेल्या प्रणालींसमोर ठेवली, तेव्हा सावळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. याचे एक कारण आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. पुस्तकात ‘लाल चट्टा’ म्हणून जे लिहिलेले असते, ते आपल्या अंगावर लाल नसते. ते जांभळट, करडे किंवा नुसतेच अधिक काळे दिसते. लाली शोधायला शिकलेला डोळा, मग तो माणसाचा असो वा यंत्राचा, आपल्यापाशी अडखळतो.

यंत्र काय शिकते हे शिकवणाऱ्यालाही नेहमी कळत नाही, याचे दोन किस्से या क्षेत्रात सांगितले जातात. संशयास्पद डागाचा फोटो काढताना डॉक्टर शेजारी मोजपट्टी धरतात. प्रणालीने मोजपट्टी आणि कर्करोग यांची सांगड घालून टाकली आणि पट्टी दिसली की ती धोक्याकडे झुकू लागली. तसेच जर्मनीत २०१९ मध्ये असे दिसून आले की शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर जांभळ्या शाईने खूण केली, तर तोच निरुपद्रवी तीळ यंत्राला एकदम भयंकर वाटू लागतो. आमच्याकडे शाईची गरजही नाही. काजूच्या हंगामात बिया भाजून फोडणाऱ्या बायकांची बोटे पाहावीत. सालीतल्या तेलाने कातडी जळून काळी पडलेली, सोललेली, भेगाळलेली. राख आणि खोबरेल लावून तेवढ्यापुरता केलेला आडोसा. या बोटांचे छायाचित्र व्हिएन्नाच्या संचात असण्याची शक्यता कितपत? त्यात मोबाइलचा कॅमेरा आपल्या परीने त्वचा गुळगुळीत करतो, रंग उजळवतो, आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला की त्यातला बारकावा आणखी पुसला जातो. चेहरा सुंदर दिसावा म्हणून केलेली ही सोय डाग वाचणाऱ्याच्या मुळावर येते.

गजकर्णाची गोष्ट तर सर्वांत अवघड आहे, आणि गोव्याच्या दमट हवेत ती सर्वांत नेहमीचीही आहे. पाठ्यपुस्तकातले गजकर्ण ओळखायला यंत्र लागत नाही: गोल, कडेला उठावदार, मध्ये निवळलेले. पण काउंटरवरून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, कड विरघळते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. मूळ चित्रच पुसून गेल्यावर निदान कोणत्या चित्रावरून करायचे? स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये कडक केला. औषधांना न जुमानणाऱ्या आणि भारतात फोफावलेल्या बुरशीच्या एका प्रजातीला २०२० मध्ये भारताच्या नावावरून ‘इंडोटिनिए’ असे नावही मिळाले. हा मान मिळवून देण्यात आपल्या फार्मसीच्या काउंटरांचा वाटा मोठा आहे. इथे यंत्राहून स्वस्त आणि प्रभावी उपाय म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक.

कुष्ठरोगाकडे आले की छायाचित्राची मर्यादा पूर्णपणे उघडी पडते. भारताने २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या शब्दाचा अर्थ दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. गोव्याला हा रोग नवा नाही. फ्रोइलानो द मेलो या गोमंतकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सासष्टीत माकाझन येथे कुष्ठधाम उभारले, त्यालाही आता कितीतरी दशके लोटली. या रोगाचा फिकट चट्टा फोटोत शिब्यासारखा दिसू शकतो, लहान मुलाच्या गालावरच्या साध्या पांढुरक्या डागासारखा दिसू शकतो, कोडाच्या सुरुवातीसारखाही दिसू शकतो. फरक कळतो तो कापसाच्या वातीने. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या चट्ट्यावर वात हलकेच टेकवायची आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. बोट हलले नाही तर तिथे संवेदना नाही. मग कोपराच्या मागची नस बोटांनी चाचपायची, ती जाड झाली आहे का ते पाहायचे. कितीही लाख छायाचित्रे पाहिलेल्या यंत्राला हा स्पर्श कुठून येणार?

आणि कुष्ठरोगाच्या निदानातली चूक तिळाच्या निदानातल्या चुकीसारखी नसते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून देशातल्या अनेक वैयक्तिक कायद्यांतून वगळायला २०१९ साल उजाडावे लागले, यावरून हा शब्द घरात शिरला की काय होते याची कल्पना यावी. अंगणवाडीत बसून कोणी मोबाइल उघडावा, पडद्यावर तो शब्द उमटावा आणि भोवती चार बायका उभ्या असाव्यात, एवढ्याने एका मुलीचे जमलेले लग्न मोडू शकते. दुसऱ्या दिवशी कापसाच्या वातीने ती शंका खोटी ठरली, तरी बातमी परत फिरत नसते.

यावर कोणी म्हणेल की तज्ज्ञ थोडे आहेत, ते बांबोळी-मडगाव-म्हापशात आहेत, आणि वाळपईच्या किंवा धारबांदोड्याच्या केंद्रातल्या डॉक्टरला थोडी मदत मिळाली तर बिघडले काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. माणूस आणि यंत्र एकत्र काम करतात तेव्हा काय घडते, याचा अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. चांगल्या प्रणालीचा सर्वाधिक लाभ सर्वांत कमी अनुभवी डॉक्टरांना झाला, हे त्यातून दिसले; पण प्रणाली मुद्दाम चुकीची उत्तरे देऊ लागली, तेव्हा मुरलेले तज्ज्ञदेखील तिच्यामागे फरपटत गेले. त्याआधी इंग्लंडमध्ये १५ साध्या दवाखान्यांत त्वचेची चित्रे घेणारे एक उपकरण डॉक्टरांना देऊन पाहिले होते. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा रुग्ण योग्य तऱ्हेने पुढे पाठवण्यात सुधारणा दिसली नाही, उलट पाठवलेल्यांची संख्या वाढली. म्हणजे मदत होते, पण ती आपोआप होत नाही. ज्याला मदत करायची तो आधी स्वतः पाहायला शिकलेला असावा लागतो.

गोव्याला इथे एक मोठी सवलत आहे, ती आकाराची. काणकोणहून बांबोळी सत्तरेक किलोमीटर आहे. राजस्थानात किंवा गडचिरोलीत जे अंतर माणसाला तोडते, ते इथे फक्त एक दिवसाची रोजी बुडवते. आणि चित्र पाठवून माणसाची खेप वाचवण्याचा सराव आपल्या आरोग्यव्यवस्थेला आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी प्रकल्पात आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीला पोहोचतो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे दिले जाते. तिथे कोणी ‘ईसीजी आला, आता हृदयरोगतज्ज्ञ नकोत’ असे म्हटले नाही. त्वचेचेही तसेच व्हावे. प्रत्येक केंद्रात मोबाइलला बसणारे एक डर्मोस्कोप, फोटो काढायचे प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका, चांगला उजेड आणि पाच प्रश्नांचा फॉर्म: कधीपासून आहे, वाढतो का, दुखतो की खाजतो की काहीच जाणवत नाही, काय काय लावले, घरात आणखी कोणाला आहे का. लावलेल्या ट्यूबचे खोकेही फोटोत घ्यावे. निम्मे निदान त्या खोक्यावरच छापलेले असते. ही सामग्री गोमेकॉच्या त्वचारोग विभागाकडे जावी आणि तिथे यंत्राने एकच काम करावे, रांग लावण्याचे. ज्याच्या डागात धोक्याची खूण आहे त्याचा फोटो तज्ज्ञासमोर आधी यावा. ‘काही नाही, घरी जा’ हे वाक्य मात्र यंत्राने उच्चारू नये. ते माणसाने म्हणावे आणि त्याखाली सही करावी.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला रुग्णाला थेट सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मनाई केली आहे. ती डॉक्टरला साहाय्य करू शकते, एवढेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये या विषयाची नैतिक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. पण फोनमध्ये उतरवून घेतलेल्या ॲपला ही तत्त्वे कोण वाचून दाखवणार? अमेरिकेत २०१५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तिळाच्या फोटोवरून मेलानोमा ओळखण्याचा दावा करणाऱ्या दोन ॲपच्या विक्रेत्यांवर पुराव्याअभावी कारवाई केली होती. आपल्याकडे असा दावा करणाऱ्याला हटकणारे कोण, हे सामान्य माणसाला माहीत असायला हवे, आणि ते आज माहीत नाही.

राहिला प्रश्न छायाचित्रांच्या मालकीचा, ज्यावर आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. यंत्राला आपली त्वचा ओळखता यावी असे वाटत असेल, तर आपल्या त्वचेची छायाचित्रे त्याला द्यावी लागतील, आणि ती काजू फोडणाऱ्या, रापण ओढणाऱ्या, खाणीच्या धुळीत राबलेल्या माणसांची असतील. ही सामग्री सौजन्याने एखाद्या कंपनीच्या हवाली करायची, तिने त्यावर प्रणाली घडवायची आणि मग तीच आपल्याला वार्षिक भाड्याने घ्यायची, असा व्यवहार सामंजस्य कराराच्या नावाखाली सहज होऊन जातो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. पण मांडीवरच्या चट्ट्याचा फोटो काढून घेणारी बाई कोकणीत किंवा मराठीत समजावल्याशिवाय कसल्या कागदावर अंगठा उठवते, हे तपासणारा कोणी नसेल, तर ती संमती नावापुरतीच. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण चालू आहे. इथल्या त्वचेचा, इथल्या रोगांचा, बायॉप्सीने पक्क्या केलेल्या निदानांसह एक छायाचित्रसंग्रह गोमेकॉने स्वतः जमवावा, त्याची मालकी सरकारकडे राहावी, आणि ज्याला प्रणाली विकायची असेल त्याने आधी या संग्रहावर परीक्षा द्यावी. बायॉप्सी इथेही लागणारच, कारण यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा शेवटचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा तो तुकडाच असतो. सुरी टाळायला शिकवण्यासाठीसुद्धा आधी सुरी चालवावी लागते, ही या तंत्राच्या जाहिरातीत न येणारी गोष्ट आहे.

माझ्या भावाच्या पोटरीवर आता एक फिकट, चपटा वण आहे आणि त्याच्या मधोमध दोन टाक्यांची बारीक खूण. बांबोळीला त्याच्या एकूण चार खेपा झाल्या. पहिली दाखवायची, दुसरी तुकडा काढायची, तिसरी टाके काढायची आणि चौथी अहवाल घ्यायची. चौथ्या खेपेच्या दिवशी पोपळीची पाडणी चालू होती, पाडेकरी येऊन थांबला होता आणि हा ओपीडीच्या बाकावर नंबरची वाट पाहत बसला होता. पहिली खेप वर सांगितलेल्या व्यवस्थेने वाचली असती. चौथी वाचवायला तर कुठल्याही बुद्धिमान यंत्राची गरज नव्हती. अहवाल आरोग्य केंद्रात पाठवून कोणीतरी त्याला फोन केला असता, तरी पुरले असते.